राज्यकारभाराची उमेदवारी

एप्रिल २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी माझ्या धाकट्या चुलत बहिणीचा मोडनिंबहून फोन आला. "दादा, मुख्यमंत्री फेलोशिपचा फॉर्म सुटलाय. भरू का?"

ती तेवीस वर्षांची. पुण्यात नोकरीला लागून दीड वर्ष झालेले, पगार बरा. सुट्टीला म्हणून गावी गेली होती. मला लगेच उत्तर देता आले नाही, कारण हा फॉर्म मी स्वतः एकदा भरायचा ठरवला होता आणि तो भरायचा राहून गेला. २०१९ मध्ये पंढरपूरला इंजिनिअरिंग संपवून मी पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागलो. फेलोशिपला पदवीत ६० टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. माझे वर्ष भरले तेव्हा २०२० उजाडले होते, आणि २०१५ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम त्याच वर्षी थांबला. सरकार बदलले होते. २०२३ मध्ये सरकार पुन्हा बदललेले होते, कार्यक्रम परत सुरू झाला, आणि वयाची अट होती २१ ते २६. मी ती काही महिन्यांनी ओलांडली होती. यात कुणा एकाचा दोष आहे असे मला वाटत नाही. पण माझ्या वयाच्या महाराष्ट्रातल्या पोरापोरींच्या वाट्याला ही संधी नेमक्या त्या तीन वर्षांत नव्हती, एवढे मात्र खरे.

"एका वर्षात काय शिकून होणार? आणि वर्ष संपल्यावर पुढं काय?" बहिणीने विचारले. तिचे दोन्ही प्रश्न रास्त होते. उत्तर शोधायला म्हणून मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता बराच मागे गेलो.

आधी आजची गोष्ट थोडक्यात सांगतो. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत साठ तरुण निवडले जातात. ऑनलाइन परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. निवडलेल्यांना बारा महिने मंत्रालयात किंवा जिल्ह्यांतल्या कार्यालयांत काम करायचे असते. दर्जा गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष. २०२५-२६ साठी महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन आणि ५,४०० रुपये प्रवासखर्च, मिळून ६१,५००. जोडीला आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. एक तृतीयांश जागा मुलींसाठी. मराठी लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे. वर्ष संपले की प्रमाणपत्र घेऊन घरी. सरकारी नोकरीवर त्याने कुठलाही हक्क येत नाही.

आपल्याकडे अशा शिकण्याला जुना शब्द आहे, उमेदवारी. आता उमेदवारी म्हटले की तिकीट आणि बी फॉर्म आठवतो. पूर्वी वकिलाकडे, कचेरीत, पेढीवर बिनपगारी किंवा नावापुरत्या पगारावर काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. राज्यकारभाराची अशी उमेदवारी पुण्यात पहिल्यांदा कुणी केली असेल, तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी.

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मधली. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले. सरकारी नोकरीत असल्यामुळे ते उघडपणे पुढे येऊ शकत नसत, पण सभेची निवेदने आणि तिचे त्रैमासिक यांमागे डोके त्यांचेच असे. १८८७ च्या सुमारास विशी नुकतीच ओलांडलेले, फर्ग्युसनमध्ये शिकवणारे गोखले त्यांच्या हाताखाली आले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, निवेदनाचा मसुदा करायचा. तो रानडे तपासत, खोडत, पुन्हा लिहायला लावत. १९०१ मध्ये रानडे गेले तोवर हे शिक्षण चालू होते. इतकी मेहनत घेऊन केलेल्या निवेदनाला सरकार दोन ओळींचे उत्तर देते, मग हा खटाटोप कशासाठी, असे गोखल्यांनी एकदा विचारले. निवेदन सरकारच्या नावे असले तरी ते खरे लोकांसाठी आहे, त्यातून लोक या गोष्टींचा विचार करायला शिकतील, अशा अर्थाचे उत्तर रानड्यांनी दिल्याचे गोखल्यांनीच पुढे सांगितले आहे.

या कथेत सोलापूरही आहे, आणि ते मला माहीत नव्हते. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी ते वेगळे. हे जोशी मास्तर शाळा सांभाळून देशाच्या जमाखर्चाचा अभ्यास करत. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायची असताना आणि पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना गोखले आकड्यांसाठी त्यांच्याकडे वळत. १९०२ च्या ज्या पहिल्या भाषणाने गोखले देशभर गाजले, त्यात त्यांनी विचारले होते की लोक हलाखीत असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक कशी पडते. हा प्रश्न आकड्यांनिशी विचारायला जी तयारी लागते, तिचा एक धागा आमच्या जिल्ह्याच्या गावी होता. मी दिवसभर डेटाबेसशी झटणारा माणूस. माझ्याच धंद्यातला एक पूर्वज सोलापुरात शाळा चालवत होता हे वाचून मला फार बरे वाटले.

स्वतःला जे असे एकेकट्याने, एका गुरूच्या जिवावर मिळाले, ते पुढच्यांना रीतसर मिळावे म्हणून गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर भारत सेवक समाजाची, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली. आधी त्यांनी स्वतः शपथ घेतली, मग तिघांना दिली: नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. नव्या सदस्याची उमेदवारी पाच वर्षांची. त्यातली तीन वर्षे पुण्यात वाचन आणि अभ्यास, दोन वर्षे देशभर प्रवास. या काळात परवानगीवाचून जाहीर बोलायचे किंवा लिहायचे नाही. सात प्रतिज्ञा होत्या. समाज देईल तेवढ्यात आपले आणि कुटुंबाचे भागवायचे, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, ही त्यांतली एक. आणि हे सारे जन्मभरासाठी.

यातून निघालेली माणसे पाहिली की या शिक्षणाची ताकद कळते. नारायण मल्हार जोशी १९०९ मध्ये आले. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटक उभी करण्यात पुढाकार घेतला आणि पुढे वर्षानुवर्षे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडली. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू केले. समाजाच्या सुरुवातीच्या सदस्यांत मात्र एकही बाई नव्हती, हेही लिहिले पाहिजे.

मला सर्वांत जवळचे वाटले ते अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्कर बाप्पा, कारण ते इंजिनिअर होते. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १८९० मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले, रेल्वेची कामे केली, आफ्रिकेत युगांडा रेल्वेवर जाऊन आले, सांगली संस्थानात नोकरी केली, मग मुंबई महापालिकेत. तिथे सफाई कामगारांच्या वस्त्या पाहिल्या आणि १९१४ मध्ये राजीनामा देऊन समाजात दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय ४४ होते. आजच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख टाकताच त्यांना लाल अक्षरांत 'आपण पात्र नाही' असा संदेश आला असता.

गोखल्यांची ही शाळा सर्वांना मानवली नाही. आफ्रिकेतून परतलेल्या गांधींकडून गोखल्यांनी वर्षभर देश फिरून पाहण्याचे आणि तोवर जाहीर न बोलण्याचे वचन घेतले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. गांधींनी समाजात येण्यासाठी अर्ज केला, सदस्यांत मतभेद झाले, आणि त्यांनी तो मागे घेतला. पण प्रवासाचे वचन पाळले. समाजही संस्थापकाच्या मृत्यूनंतर बंद पडला नाही. स्वतःची जागा, ग्रंथालय, नियम आणि सदस्य असल्यामुळे तो चालत राहिला. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून त्याच छत्राखाली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगिळांचे सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरचे पुस्तक १९६५ मध्ये याच संस्थेने काढले.

तरीही या शाळेची मर्यादा उघड होती. जन्मभराची गरिबी पत्करायला किती घरे तयार होणार? ज्याच्या मागे म्हातारे आईबाप, चार एकर जिराईत आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्याला पाच वर्षे वाचन आणि प्रवास परवडणार नाही. सदस्य थोडेच राहिले, आणि ते बहुतेक शिकलेल्या, शहरी घरांतले.

आमच्यासारख्या गावांना राज्यकारभाराची शाळा मिळाली ती १ मे १९६२ ला. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा १९६१ चा, अंमल या दिवसापासून. या शाळेला प्रवेश परीक्षा नव्हती, मतदान होते. विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच, मग लातूर पंचायत समितीवर, मग जिल्हा परिषदेवर, आणि पुढे १९९९ मध्ये मुख्यमंत्री. आर. आर. पाटील १९७९ पासून अकरा वर्षे सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्त गाव या त्यांच्या योजनांत गावगाडा आतून पाहिलेला माणूस दिसतो. या शाळेलाही फी होतीच. जात, भावकी, जमीन, पैसा यांच्या बळावर बहुतेक जागा आधीच ठरलेल्या असत. पण दार गावात उघडत होते.

माझे आजोबा या शाळेच्या अगदी खालच्या वर्गात होते. ते सत्तरच्या दशकात ग्रामपंचायतीचे सदस्य होते, चौथी शिकलेले. आमच्या माढा तालुक्याचे तहसील माढ्याला, पंचायत समिती कुर्डुवाडीला आणि जिल्हा परिषद सोलापूरला. कुर्डुवाडीला जायला मोडनिंब स्टेशनातून बार्शी लाइटची छोटी गाडी होती. कागद घेऊन आजोबा त्या गाडीने जात आणि काम झाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. १९७२ च्या दुष्काळातली त्यांची एक वही घरात आहे. तिच्यात खडी फोडायला जाणाऱ्यांची नावे, हजेरीचे दिवस आणि फोडलेल्या खडीचे माप आहे. मजुरी मापावर मिळे. ढीग कसा रचला, फूटपट्टी कुठून लावली, यावर कुणाला किती मिळणार ते ठरे. आजी सांगते, "त्यास्नी बाकी काय येत न्हवतं. पण मस्टर वाचाया यायचं. सायेब माप घ्यायला आला की हे वही घिऊन शेजारी हुबं."

मस्टर वाचता येणे म्हणजे काय, हे मला माझ्या एका चुकीने कळले. काही वर्षांपूर्वी पाणीटंचाईच्या पाहणीचे एक ॲप करण्याचे काम आमच्या टीमकडे होते. 'पाण्याचा स्रोत' या रकान्यात मी नळ, विहीर, बोअर, टँकर असे चार पर्याय दिले. त्यांतला एकच निवडता येत असे. गावी गेल्यावर मोठ्या कौतुकाने मी ते आजीला दाखवले. ती म्हणाली, "आरं, जानेवारीपतूर हिरीचं, मार्चात बोरचं, मे म्हैन्यात टँकरचं. ह्यात एकच कसं दाबायचं?" ती पाहणी झाली तेव्हा शेकडो कुटुंबांचे वर्ष त्या एका बटणात कोंबले गेले होते. वरच्या तक्त्यात सगळे नीटनेटके दिसत होते. ते मी बनवले होते आणि मला चांगले रेटिंग मिळाले होते. वर्षभर कुठल्या तरी पंचायत समितीत बसलो असतो, तर ही चूक झाली नसती असे मला वाटते. म्हणून 'एका वर्षात काय शिकून होणार' या बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर आहे: पुष्कळ. माझ्यासारख्या माणसाला तर तेवढेही पुरले असते.

दुसरा प्रश्न अवघड आहे. नव्या शतकात या उमेदवारीला फेलोशिप हे नाव मिळाले. २०१० मध्ये पीआरएस या दिल्लीच्या संस्थेने लॅम्प फेलोशिप सुरू केली, त्यात एका तरुणाने पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदाराला संशोधनात मदत करायची. २०११ मध्ये केंद्रात जयराम रमेश ग्रामविकास मंत्री असताना पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिप जाहीर झाली. माओवादाने ग्रासलेल्या जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताशी तरुण द्यायचे, प्रशिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे. आपल्याकडे गडचिरोली आणि गोंदियात ते गेले. मग २०१५ मध्ये राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप. या सगळ्यांना जन्मभराची शपथ लागत नाही, पोटापुरते नव्हे तर चांगले पैसे मिळतात, आणि साध्या घरातली मुलगीही वर्षभरासाठी येऊ शकते. गोखल्यांच्या शाळेचा मोठा दोष यात नाही.

पण त्या शाळेत जे होते ते इथे नाही. माझा एक मित्र थांबण्याआधीच्या तुकड्यांपैकी एकात फेलो होता. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात वर्षभर शाळांच्या शौचालयांवर त्याने काम केले. कुठली टाकी बांधली आहे पण नळ जोडलेला नाही, कुठली देयके कुठल्या टेबलावर अडली आहेत, याचा शाळानिहाय तक्ता केला. टिपणी कशी चढते, कक्ष अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने ती कशी परत येते, हे शिकला. वर्ष संपले. त्याने तक्ता सगळ्यांना मेल केला. दोन वर्षांनी तो कुठे आहे म्हणून त्याने फोन केला, तर साहेब बदललेले, कार्यक्रम बंद, त्याच्या जागी कुणी आलेले नाही आणि तो मेल कुणाला सापडत नाही. मित्र आता एका सल्लागार कंपनीत आहे. त्याला त्या वर्षाचा फार उपयोग झाला, हे तो मनापासून सांगतो. जिल्ह्याला किती झाला, यावर तो गप्प होतो.

जे शासन निर्णयाने सुरू होते ते शासन निर्णयाने थांबते. हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. अमेरिकेत प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोज हा पदव्युत्तर तरुणांना सरकारी कामात आणणारा कार्यक्रम १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने सुरू झाला. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात तो टिकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या एका आदेशाने तो संपला. जवळजवळ अर्धशतकाची सवयसुद्धा त्याला वाचवू शकली नाही. आपल्या कार्यक्रमाच्या तर नावातच मुख्यमंत्री आहे.

आणि कायद्याने उभी असलेली शाळा? सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांसारखी तीही प्रशासकाच्या हाती गेली. बहीण मला फोन करत होती तेव्हा या गोष्टीला तीन वर्षे झाली होती. फेलोशिपचे अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात बंद झाले, आणि त्याच आठवड्यात, ६ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका चार महिन्यांत घ्या असा आदेश दिला. म्हणजे साठ फेलोंना राज्यकारभार शिकवायची तयारी चालू असताना ज्या सभागृहांत हजारो सदस्य तो निवडून येऊन शिकतात, ती रिकामी होती. फेलोला तेव्हा तिथे जाऊन अधिकारी कसा काम करतो ते दिसणार होते. पण सदस्य त्याला प्रश्न विचारतो, हटून बसतो, मापाशेजारी वही घेऊन उभा राहतो, ते बघायला मिळणार नव्हते. कारभार म्हणजे तक्ते आणि योजना एवढेच, असा समज घेऊन तो परतला तर त्यात त्याची चूक नाही.

मला वाटते, फेलोशिप हवीच, पण तिला गोखल्यांच्या समाजासारखा स्वतःचा पाया हवा. विधिमंडळाने केलेला कायदा किंवा एखाद्या विद्यापीठाच्या नावे निधी, म्हणजे सरकार बदलले तरी पुढची तुकडी येईल. फेलो एकाच तालुक्यात एकामागून एक यावेत, आधीच्याने केलेले काम पुढच्याने उचलावे. त्यांनी केलेले तक्ते ग्रामसभेत वाचले जावेत आणि त्यांची प्रत पंचायत समितीत राहावी. आणि साठातले काही जण तरी साहेबांच्या हाताखाली न देता निवडून आलेल्या सदस्यांबरोबर द्यावेत. सरपंच बाईला अंदाजपत्रक वाचायला मदत करणारा फेलो मंत्रालयातल्या फेलोइतकाच शिकेल.

बहिणीला मी हे सगळे फोनवर सांगितले नाही. "भर," एवढेच म्हणालो. शेवटचे दोन दिवस उरले असताना तिने घरच्या ओसरीवर बसून मोबाइलवर फॉर्म भरला. नेट तुटले की आजी म्हणायची, "माळवदावर जा, तिथं रेंज हाय." ती निवडली गेली तर कुठल्याही गावात जाऊन पहिल्यांदा एक वही कर, आणि निघताना तिची प्रत त्याच गावात ठेव, असे मी तिला सांगून ठेवले. तिने आजोबांच्या वहीचे फोटो काढून घेतले.

त्या वेळी तिचे नाव यादीत आले नाही. ती पुन्हा पुण्याला आली, नोकरी चालू आहे. वय अजून आहे, पुढच्या वेळी पुन्हा भरीन म्हणते, कार्यक्रम तोवर राहिला तर.